पंचमीची दोरी

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

अंगणातल्या लिंबाला झोका बांधला! लग्न होऊन नऊ वर्षं झाली, या घरात पहिल्यांदाच. लेक मिना मागून ढकलत होती आणि मी इतकी उंच गेले की गोरेगावच्या रस्त्यावरची जीप दिसली. माहेरच्या झोक्यावर जायचे तशी!

दोरी शेततळ्यावरची आणली. घरात नव्या दोरीचं अख्खं बंडल पडलंय, पण पंचमीला काही कापायचं-चिरायचं नसतं. तळ्यावरची नुसती खुंटीवरून सोडायची होती. गाठी हाताला टोचत होत्या, त्याही सोडल्या. उद्या परत बांधून टाकीन.

३१ जुलै

नाही बांधली. चिखल किती झालाय, तळ्यापर्यंत कोण जाणार. आणि खरं सांगायचं तर — अजून मन भरलं नाही झोक्यानं.

३ ऑगस्ट, रविवार

मिना वाचली. आधी हेच लिहिते. मिना वाचली.

चिखलाची चप्पल धुवायला तळ्यावर गेली होती. तळ्याला प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, पन्नीवर शेवाळ. पाय घसरला की माणूस सरळ पाण्यात, आणि वर चढायला गेलं की पुन्हा खाली. म्हणून तर मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, तळं झालं त्याच वर्षी काठाला गाठीची दोरी सोडून ठेवली होती. लेकराच्या मुठीत मावेल एवढी एकेक गाठ. मिनाला किती वेळा शिकवलं होतं, "पडलीस तं हातपाय झाडू नको. पाठीवर व्हय, आभाळाकडं पाह्य, आन् दोरीकडं सरक."

मामा शेजारच्या तुरीत होते. ओरडणं ऐकून पळाले. धोतर सोडून एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं पाण्यात टाकलं आणि पालथं पडून पोरीला ओढून काढलं. दोन्ही कोपरं सोलून निघाली त्यांची.

मी कुठं होते? झोक्यावर.

मिना बिलगून म्हणाली, "आई, मी आभाळ पाह्यलं. दोरीकडं सरकले. दोरीच न्हवती!"

४ ऑगस्ट

काल लिहवलं नाही पुढचं.

मिनाचे पप्पा सेनगावहून आले ते तडक तळ्यावर. "दोरी कुठंय?" मी तिथंच उभी. तोंड उघडलं नाही माझं! मामाच म्हणाले, "म्याच सोडली असंन. इसरलो." मग काय, पप्पा असे कडाडले बापावर — "इसरता? लेकरू गेलं असतं ना!" मामा मान खाली घालून ऐकत होते. कोपराला हळद थापलेली.

आणि दोरी? ते यायच्या आधीच झोका उतरवून मी ती गुरांच्या कुटाराच्या खोलीत दडवली होती. लेकरू ओलंचिंब थरथरतंय आणि मला दोरी दडवायचं सुचलं! थू माझ्यावर.

६ ऑगस्ट

शेजारच्या रुख्मिणीबाई येऊन गेल्या. "म्हातारपणी व्हतंच बाई असं. सांभाळा आता त्यायला." मी मान डोलावली. डोलावली मी!

मामांनी बंडलातली नवी दोरी कापली. तळ्याच्या चारी बाजूंना बांधून राहिले आता. रिकामे तेलाचे कॅनही अडकवलेत टोकाला, तरंगायला. मिना जाऊन बाजूला बसली तर पप्पांनी उचलून आणली. "आबासंगं एकटं जायचं न्हाई." पोरगी हातपाय आपटून रडली. ज्या माणसानं हिला बाहेर काढलं त्याच्याजवळच जायचं नाही! आणि हे कुणामुळं? मामांनी वळूनही बघितलं नाही, गाठी मारत राहिले.

८ ऑगस्ट

आज जेवताना सांगायचंच ठरवलं होतं. "मामा..." मी म्हणाले. "काय गं बाई?" त्यांनी विचारलं. "भाकर वाढू का?" म्हणाले मी.

पप्पांनी पाण्याच्या मोटारीच्या खोलीची चावी काढून घेतली मामांकडून. सोमवारी हिंगोलीला डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणतात. मामा फक्त "बराबर हाये" म्हणाले. भाकर अर्धी तशीच ठेवून उठले.

११ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं.

मामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले होते. शाळेत पहिल्या दिवशी पोरगं बसतं तसे. पप्पा गाडी काढत होते. मला बघवलंच नाही. कुटाराच्या खोलीतून दोरी आणली आणि पप्पांच्या पुढ्यात टाकली. "ही मी नेली होती. झोक्याला. मामा काहीच विसरले नाहीत."

पप्पा दोरीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोटारीच्या खोलीची चावी ओट्यावर मामांजवळ ठेवली आणि गाडी घेऊन निघून गेले. अजून बोलले नाहीत माझ्याशी. नकोत बोलू. मला माझंच तोंड बघायची लाज वाटते.

मिना तेवढी म्हणाली, "मंग जाऊ आता आबाकडं?" आणि उत्तराची वाट न बघता पळाली.

एक विचारायचं राहिलंच. सोडलीच नव्हती तर मामा "म्याच सोडली" काहून म्हणाले? मला वाचवायला? त्या विचारानं तर आणखी मेल्यासारखं होतं.

१२ ऑगस्ट

विचारलं. मामा तळ्यावर होते, गाठ ओढून बघत.

"पंचमीलाच पाह्यली म्या दोरी, लिंबाला. तळं उघडं पडलं, हे बी कळलं. पर तू हासून राहिली होतीस. या घरात तुला तसं हासताना कधी पाह्यलं न्हवतं. म्हणलं, राहू दे दोन दिस."

मी दोरीचं दुसरं टोक हातात धरलं.

"इसरलो म्हणणं सोपं होतं, बाई. माहीत असून राहू दिली, हे कोणत्या तोंडानं सांगू? तेवढं मिनाच्या बापाला सांगू नको."

नाही सांगितलं.