लाल फडकं

ता. ३० ऑक्टोबर १९२६, मलकापूर
देऊळघाटहून परत. गोदी मंगळवारीच गेली. निरोप गुरुवारी आला. पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. धाकटी बहीण, तिचं तोंडही पाहिलं नाही.

ताप होता म्हणे दसऱ्यानंतर. दवाखाना बुलढाण्याला, गोठ्यात बैल बांधलेले. डॉक्टर का नाही आणला, विचारलं. तिचे चुलतसासरे तात्या, घरातले कर्ते. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "डॉक्टर काय करनार? पोथीनं नेली तिले."

त्यांच्या देवघरात एक पोथी आहे. कोणत्या देवाची, कोणी लिहिली, कोणालाच माहीत नाही. पणजोबांच्याही आधीची. उघडायची नाही, हा घरचा नियम. दर दसऱ्याला जुन्या फडक्यावरच नवं लाल फडकं गुंडाळतात आणि गाठीवर कुंकू लावतात. उशीएवढी जाड झाली आहे. तात्या म्हणतात, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गोदी देवघरात पाठमोरी बसली होती, मांडीवर लाल फडकं सोडलेलं होतं आणि ती वाचत होती. हे त्यांनी दारातून स्वतः पाहिलं. त्याच संध्याकाळी ताप.

"तुम्हीच शिकवलं ना तिले अक्षर?" तात्या सगळ्यांसमोर म्हणाले.
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कुसुमची पाटी फोडली. भाची माझी, सात वर्षांची. तुकडे उकिरड्यावर दिसले. यापुढे त्या घरात बाईच्या हाती अक्षर द्यायचं नाही, असं ठरलं आहे.

ता. २ नोव्हेंबर
जिनात कामावर गेलो. कापूस यायला लागला आहे, रजा मिळणार नव्हतीच. शेजारच्या मेजावरचा पांडे म्हणाला, "काऊन हो, पोथीनं माणूस मरते का?" त्याला वाटलं मी हसेन. मग त्यानंच पानाचा डबा पुढे केला.

आई जेवत नाही. सारखं एकच. "तिनं उघडली असंल का रे?" आईलाही तसंच वाटतं. मला आईचा राग आला.

गोदीला वाचायचा नाद होता, हे खरं. मला नाही. मी अर्ज लिहितो, पावत्या लिहितो, तेवढंच. तिच्यासाठी स्टेशनवरच्या फेरीवाल्याकडून काहीबाही घ्यायचो, मुखपृष्ठ फाटलेलं असलं की स्वस्तात मिळायचं. यंदा पोळ्याला नेलं होतं एक गोष्टीचं जाड पुस्तक. नाव गाव काही नाही, पहिली पानंच नव्हती. आत काय आहे, हेही मी पाहिलं नव्हतं. तिनं पत्रात लिहिलं, दादा, शेवट वाचला असशील तर सांगू नकोस.

मी कुठला वाचतो.

ता. ५ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. आमच्याकडे अंधार. शेजारच्यांनी चिवडा पाठवला नाही, पाठवू नये हे त्यांना कळतं. बरं वाटलं.

ता. ६ नोव्हेंबर
तात्यांचा गडी आला. तेराव्यानंतर पोथी पैनगंगेत सोडायची. विटाळली म्हणून. माहेरचं माणूस पाहिजे आणि लाल खण माहेरचाच पाहिजे. म्हणजे दंड. आई म्हणाली, दे बाबा, आपली पोर त्यांच्या घरात आहे. पोर म्हणजे कुसुम.
खणाला लाल खारवा घेतला. चांगल्यातला घेतला. का कोण जाणे.

ता. ९ नोव्हेंबर
काल लिहिणं झालं नाही. आता सगळं लिहितो.

मोटारीनं घाट चढून बुलढाणा, पुढे बैलांच्या दमणीत बसून देऊळघाट. दमणीवाल्यानं वाटेत बोटानं दवाखाना दाखवला. मी विचारलं नव्हतं.

घरातलं झाडून सगळं कापड नदीवर धुवून वाळत घातलेलं. गोधड्या, पडदे, गाद्यांच्या खोळी. सुतकातलं कापड धुतल्याशिवाय देवाच्या कामाला चालत नाही, हा तात्यांचा कडक नियम. पोथी पाटावर. भटजी, भाऊबंद, अर्धं गाव. तात्या म्हणाले, नवं फडकं वरून गुंडाळा आणि चला.

मला तेव्हाच सुचलं. आधी काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "तात्या, घरातलं सगळं कापड धुतलं. पोथीवरची फडकी राहिली. सुतकातल्या कापडासकट गंगेत कशी सोडायची?"

तात्या भटजींकडे पाहायला लागले. भटजी म्हणाले, "तसं पाह्यलं तर बरोबर आहे."

वरची दोन-तीन फडकी सुटली. खालची तुपानं, कुंकवानं चामड्यासारखी झालेली. गाठी सुटेनात. प्रत्येक गाठीवर त्या त्या वर्षाचं कुंकू वाळून बसलेलं, कुठे तडा नाही. शेवटी तात्यांनीच विळा मागवला आणि गाठी कापल्या. फडकी निघता निघेनात. काही इतकी जुनी की लाल म्हणवत नव्हती. आत दोन लाकडी फळ्या. फळ्यांमध्ये माती. वाळवीची, करड्या रंगाची, घट्ट बसलेली. भटजींनी बोट लावलं तर ढेकूळ सांडलं. पान नाही. एक अक्षर नाही.

गोधड्यांचं पाणी ठिबकत होतं तेवढंच.

मी म्हटलं, "ही वाळवी तीन आठवड्यांची नाही, तात्या. गाठी तुम्ही कापल्या. गोदीनं काय वाचलं असेल यात?"

तात्या उठले. मातीला हात लावून तो हात कपाळाला लावला. "तिनं वाचली अन् पोथीनं देह ठेवला. तुमच्या डोयानं पाह्यलं तुम्ही." मग माझ्याकडे वळून, "जिनात कापसाची गाठ सोडता, तशी देवाची गाठ सोडाले निंघाले."

लोक हसले. हसले आणि लगेच गप्प झाले. मागून कोणी बाई म्हणाली, "खरं आहे माय, पान न् पान नेलं सोबत."

माझ्या खारव्यात माती बांधली. नदीवर सगळ्यांनी त्या गाठोड्याला हात जोडले. मीही जोडले. आपोआप जोडले गेले. याचीच जास्त चीड येते.

परतताना श्रीधरराव, गोदीचे यजमान, दमणीपर्यंत आले. आजवर माझ्याशी धड बोलले नव्हते. खाली पाहून म्हणाले, "जुपली होती मी दमनी. दवाखान्यातच नेत होतो. तात्या आडवे आले. म्हने, हे पोथीचं आहे, सुईचं नाही." मग म्हणाले, "पोरीले महिनाभर न्या. रातची दचकते."

कुसुम एक बोचकं घेऊन दमणीत येऊन बसली. घाट उतरेपर्यंत ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

ता. १२ नोव्हेंबर
पोथी कोणी उघडली नाही हे नक्की. मग तात्यांनी पाहिलं काय? ते खोटं बोलणारे नाहीत. कठोर आहेत, पण खोटे नाहीत. लाल फडकं, मांडीवर पुस्तक, हे त्यांनी पाहिलंच असणार. जिनात दिवसभर तेच डोक्यात. एका पावतीवर तारीख चुकीची पडली.

ता. १४ नोव्हेंबर, रविवार
कळलं.

कुसुम माजघरात बोचकं सोडून बसली होती. परकराच्या घडीत लाल फडक्यातलं काहीतरी. मला वाटलं देव आणला. म्हटलं, काय ग ते? तिनं आधी दाराकडे पाहिलं.

माझंच पुस्तक. स्टेशनवरचं.

"आईनं देवामागं ठेवलं होतं. आई म्हने, लाल फडक्यात बांधलं का कोनी हात लावत नाही."

कोणी हात लावला नाही, हे खरं. पाटी फोडली, आणखी काही लपवलं असेल म्हणून उशा उसवून पाहिल्या म्हणे, देवामागच्या या पुडक्याला कोणी शिवलं नाही. गोदी हुशारच होती. त्या घरात पुस्तक लपवायची एकच जागा होती, ती तिनं बरोबर शोधली. आणि दारातून पाहणाऱ्याला ती पोथी दिसली.

कुसुमला यातलं किती कळतं, माहीत नाही. मी विचारणार नाही.

ता. १६ नोव्हेंबर
आईला सांगितलं. आईनं पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, परत दिलं. "जा, त्या तात्याच्या तोंडावर नेऊन टाक," म्हणाली. पहिल्यांदा पोटभर जेवली.

न्यावं तर? गोदीवरचा डाग जाईल. कदाचित. की म्हणतील, बघा, देवाच्या फडक्यात भलतंच बांधलं, म्हणून गेली. आणि कुसुमनं हे इतके दिवस जपलं, हेही बाहेर येईल. मग ती इथे पुन्हा यायची नाही. पुस्तकही नदीत.
न न्यावं तर गोदी कायमची पोथी फोडणारी.

ता. १९ नोव्हेंबर, पौर्णिमा
कुसुमला वाचता येतं. जोडाक्षरावर अडते. गोदीनंच शिकवलं. पुस्तकात केसांतला आकडा खोचलेला आहे, तिथवर तिच्या आईनं वाचून दाखवलं होतं. एक राजवाडा आहे, कुलूप लावलेली खोली आहे, असलं काहीतरी. तिला सगळं पाठ आहे. मला समजावून सांगते, मी नावं विसरलो की रागावते. "मामा, तुले काहीच ध्यानात राहत नाही."

पुढचं वाच म्हणते. मी म्हणतो, उद्या. आकड्यापुढचं पान माझ्याच्यानं उलटवत नाही.

ता. २३ नोव्हेंबर
श्रीधररावांचं कार्ड. गुरुवारी येतो, कुसुमला न्यायला. तात्यांनी बोलावलं आहे. महिना झालेला नाही. खाली एक ओळ, तात्यांचीच असणार, पोरीला पाटी दिली असल्यास सोबत देऊ नये.

नवी पाटी घेतली होती. ती इथेच ठेवीन.

ता. २५ नोव्हेंबर, गुरुवार
अर्धा दिवस रजा काढली. श्रीधरराव सकाळच्या मोटारीनं आले. वाळले आहेत. दाढी वाढलेली. आईनं त्यांना पाणी दिलं आणि आत गेली.

पुडकं कोनाड्यात होतं. मी हलवलं नव्हतं. विसरलो म्हणून नव्हे. जेवायला बसताना त्यांची नजर तिकडे गेली आणि त्यांनी पानावरूनच उठून हात जोडले.

कुसुम हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बाबा, ते पोथी नोहे. आईचं पुस्तक आहे." आणि कोनाड्यातून काढून, फडकं सोडून, त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्यांनी आकडा पाहिला. तो त्यांनीच आणलेला असेल, बाजारातून. बराच वेळ हात भातातच राहिला. मग मला, अगदी हळू, "हेच होतं का?"
हो म्हटलं.
"अन् मी बैल सोडून देल्ले."

पुढं जेवले नाहीत. कुसुमनं विचारलं, वाचून दाखवू का? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, वाच. आकड्यापासून पुढं ती अडखळत वाचत गेली. श्रीधरराव भिंतीला टेकून ऐकत होते. थांब म्हणाले नाहीत. एका पानानंतर मला म्हणाले, "तात्याले नका सांगू."
कोणासाठी म्हणाले, ते मी विचारलं नाही.

आता ते ओसरीवर आडवे आहेत. झोपलेले नाहीत. कुसुमचं बोचकं दाराशी बांधून तयार. पुस्तक त्यांनी स्वतः पुन्हा लाल फडक्यात बांधलं, गाठ नीट मारली आणि उशाशी घेतलं. नदीवर न्यायला, की पोरीला द्यायला, की तात्यांसमोर सोडायला, तोंडावरून काही कळत नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नाही.

पाटी मी बोचक्यात घातली आहे, सगळ्यात खाली. मोटार चारला आहे.