करकोच्याच्या पायातली गाठ

७ फेब्रुवारी
काळ्या मानेचा करकोचा! आमच्या वडगावकडच्या तळ्यावर! असला पक्षी बघायला लोक पार भरतपूरच्या पाणथळ उद्यानात जातात, आणि हा आमच्या चिखलात ऐटीत उभा. विणायचा माग बंद ठेवून तीन तास बघत बसलो.

९ फेब्रुवारी
लंगडतोय.

१० फेब्रुवारी
पकडला एकदाचा. भरमूनंच, छातीभर पाण्यात उतरून. ह्याच तळ्यात जाळं टाकून पोट भरतो तो. करकोच्याच्या पायाला धागा आवळून मांस दिसत होतं. आमच्या पक्षीमित्र गटाच्या श्रिया मॅडमनी तो धागा सोडवून माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही विणकर. जाळ्याचाच ना हा?"

चिखल पुसला. मधे गाठ. विणकराची — आणि उलटी बसलेली. अशी गाठ माझ्याकडं सुताच्या कांड्या भरणारी नागुबाईच मारते, डावखुरी आहे ती. भरमूची बायको. मागाखालचा तुटका धागा कुठं टाकू, म्हणून तिनं विचारलेलं. "टाक गं तळ्याकडंला," मीच म्हणालो होतो.

"असेल जाळ्याचा," म्हणालो. भरमू समोरच उभा, अंगावरनं पाणी गळतंय. नजर माझ्या हातातल्या गाठीवर.

१२ फेब्रुवारी
करकोचा मेला. पंचायतीनं भरमूचं जाळं बंद केलं. माझ्या शब्दावर.

१५ फेब्रुवारी
नागुबाई रोज येते. कांड्या भरते, चहाचा कप धुऊन ठेवते, जाते. तिच्याकडं बघवत नाही. अकरा वर्षं शाळेच्या पोरांना पक्षी दाखवत हिंडलो, गावात मान मिळाला. तो जाईल म्हणून दातखीळ बसली माझी. लाज वाटते, लई लाज वाटते. वसुधा विचारते, "तब्येत बरी न्हाय व्हय?" व्हय म्हणालो. हे आणखी एक खोटं — बायकोशी.

१८ फेब्रुवारी
मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.  पलीकडनं, "काका, तुम्ही?" एवढंच. उद्या पंचायतीत जाऊन सांगतो म्हणालो. त्याआधी भरमूला सांगायला पाहिजे.

१९ फेब्रुवारी
सकाळीच त्याच्या दारात गेलतो. मान खाली घालून सांगितलं.

"ठावं हाय, अण्णा. नागूची गाठ मला वळखू येत न्हाय व्हय? तळ्यावरच वळखली. तुमचं नाव घेतलं तर तिला कामावरनं काढशीला, म्हणून गप बसलो." मग म्हणाला, "आता सगळं उघडं झालं तरी काढू नका तिला."

आणि हात त्यानं जोडले.