आरपार दगड

लातूर
१२ जून २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
राजूचे शरणार्थ.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून चोळणं चालू ठेवा, आणि तालुक्याच्या बाजाराला त्यांना पायी जाऊ देऊ नकोस.

पत्र बघून तू म्हणशील, फोन असताना हा कागद कशाला काळे करून राहिला. अक्का, फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं. लिहिताना तुझं "हं" ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

तुझी साक्षी मजेत आहे. गेल्या वर्षीच्या मार्चपासून मी बांधलेल्या त्या घराचा सगळा कारभार तीच बघते. तू अजून ते घर पाहिलं नाहीस. वास्तूला बोलावलं होतं, तू आली नाहीस. म्हणून सांगतो. रेणापूरच्या पुढं माळावर आहे. तिथं विजेचा खांब नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. उतारावर सोलरच्या चाळीस प्लेटा, त्यांची वीज साठवायला बॅटऱ्यांची वेगळी खोली. अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, एवढी मोठी की आत उतरलं तर आवाज घुमतो. स्वयंपाक गोबरगॅसवर. न्हाणीघराचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून वर छतावर चढवलंय, कारण छतावर हिरवळ आहे. भिंती दोन फुटी, दगड आणि मातीच्या. मे महिन्यात लातूरला माणसं भाजून निघत होती, तेव्हा तिथं पंख्याशिवाय अंगावर चादर लागायची. हैदराबादचे, पुण्याचे लोक येऊन राहतात आणि भिंतीला हात लावून लावून बघतात. मालक पुष्कर साहेब हैदराबादला असतात, महिन्यातून एकदा येतात.

तू मात्र बत्तीस वर्षं पत्र्याखाली काढलीस. उन्हाळ्यात आत बसवत नाही, तरी मी स्लॅबचं नाव काढलं की तुझं एकच, "डोक्यावर हलकं असू दे." मी आता ते नाव काढत नाही.

एक काम होतं. साक्षीला महिनाभर घरी बोलावून घे. दाजींच्या गुडघ्याचं निमित्त कर, नाहीतर तुझीच तब्येत बरी नाही म्हण. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस. काळजीचं काही कारण नाही. पोरगी दमली आहे, एवढंच.

परवा सकाळी इकडं जमीन जराशी हालली म्हणतात. तुमच्याकडं जाणवलं का? किरकोळ होतं.

दाजींना नमस्कार.
तुझा
राजू


लातूर
२० जून

ती. अक्का,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "साक्षीचं मागून बघू. तू काय लपवून राहिलास ते आधी लिव्ह." तीन दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून फिरलो. आता लिहितो.

त्या मंगळवारी, दहा तारखेला, सकाळी सातच्या पुढं मी चहा घेत होतो. कपातला चहा हालला. आधी वाटलं माझाच हात हालतोय. मग मांडणीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या, आणि गल्लीतून कुणीतरी ओरडलं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. तेवढ्यात मी उंबऱ्याच्या बाहेर होतो, अक्का. बायको आणि पोरं आत होती आणि मी बाहेर. त्यांना हाक मारायचंही सुचलं नाही.

मग साक्षी आठवली. फोन लागेना. तिथं इंटरनेटची तबकडी आहे, पण बॅटरी वाचवायला ती आठपर्यंत बंद ठेवतात. गाडी काढली. रेणापूरपर्यंत रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं घराबाहेर उभी होती, अंगावर रात्रीचेच कपडे. माळाच्या अलीकडच्या वळणावर मी गाडी थांबवली, कारण मान वर करून घराकडं बघायची हिंमत होईना. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवशी आपल्या गावावर धूळ कशी उभी राहिली होती, तुला आठवतं. पेट्रोलच्या टाकीकडं बघत बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही. शेवटी बघितलं. धूळ नव्हती.

पाव्हणे अंगणात चटया टाकून योगासनं करत होते. साक्षी हसत सामोरी आली.

"मामा, कपाटातले कप नाचले बघा. पाव्हणे म्हणले, लई भारी एक्स्पिरियन्स!"

"तू कुठं होतीस?"

"माझ्या खोलीत. उठलेच न्हाई. तुमी बांधलंय म्हणल्यावर भ्यायचं कशाला?"

मी तिच्या खोलीत गेलो. ईशान्येच्या कोपऱ्यात, खिडकीच्या वरून थेट छताच्या तुळईपर्यंत चीर गेली होती. बोटाचं पेर आत जात होतं. बाहेरून जाऊन बघितलं तर भिंतीला पोट आलेलं. तुला हे समजावून सांगायला नको. तिची कॉट त्याच कोपऱ्यात आहे.

आता छताचं ऐक. वरच्या हिरवळीखाली दीड फूट माती आहे, तिच्याखाली फळ्या, त्याखाली सागवानी तुळया. न्हाणीघराचं पाणी रोज तिच्यात मुरतं, म्हणजे ती माती बारा महिने ओली. दगडोबा मिस्त्री माझ्याकडं वीस वर्षं आहे. काम चालू असताना तो एकदाच बोलला होता, "राजूभाऊ, बाहेरचे लोक ह्याला काय बी म्हणू द्या, हे माळवद हाय." मी त्याला गप्प बसवलं. माळवद हा शब्द मी भूकंपात गेलेल्या आपल्या पस्तीस जणांच्या मौतीत ऐकलेला आहे, अक्का, आणि मीच ते बांधलं.

नकाशा काढणारे बेंगळुरूचे होते. त्यांनी जोत्यावर, खिडक्यांवर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे दाखवले होते, सळया घालून, घराला चौफेर कंबरपट्टा बांधल्यासारखे. धक्का बसला तर भिंती एकमेकींना धरून ठेवतात ते त्यांनीच. सळया कापूनही आणल्या होत्या. पुष्कर साहेब म्हणाले, या घरात सिमेंटचा कण नको, दारावर तशी पाटी लावायची आहे. मी म्हटलं, मग लाकडाचे पट्टे तरी टाकू. ते म्हणाले, मासिकाचे लोक फेब्रुवारीत येणार आहेत, तेवढा वेळ आहे का? नव्हता. मी मान डोलावली.

त्याच मंगळवारी मी त्यांना फोनवर चिरीचं सांगितलं. म्हणाले, "मातीचं घर आहे राजशेखर, श्वास घेतं. शनिवारी मंडळी येताहेत, त्याआधी लेप देऊन घ्या."

मी लेप दिला. दगडोबाला पाठवलं नाही, माझ्या हातानं दिला. वाळल्यावर चीर कुठं होती ते मलासुद्धा सापडलं नाही.

साक्षीला म्हटलं, दुसऱ्या खोलीत झोप, इथं ओल आहे. हसली. "तुमच्या घरात ओल, मामा?" तिथंच झोपते अजून.

तुझ्या हातांनी तू मला मातीतून ओढलंस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू पंधराची. अव्वा आणि तिचं शेंडेफळ, आपली धाकटी, त्याच भिंतीखाली होत्या. मी बांधकामाचा डिप्लोमा केला तो कशासाठी, हे तू कधी विचारलं नाहीस, कारण तुला ठाऊक होतं. आता तुला तोंड कसं दाखवू?

तिला बोलावून घे. भांडण कर, शिव्या घाल, काय वाट्टेल ते कर. मी तिला खरं सांगू शकत नाही. दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो.

राजू


रेणापूर
२७ जून

अक्का,

साक्षी बसमध्ये बसली. हे पत्र पोचायच्या आधी ती मुखेडला उतरून तुझ्याकडं पोचलेली असेल. तिला काही विचारू नकोस, आधी जेवायला घाल. आणि रागावू नकोस, तिची काही चूक नाही.

तुझं दुसरं कार्ड आलं नाही. मी वाट बघितली. मग कळलं की मी तुझ्या कार्डाची वाट बघून राहिलो म्हणजे ते काम तुझ्यावर ढकलून राहिलो. काल सकाळी दगडोबाला आणि सहा गड्यांना घेऊन माळावर गेलो.

आधी स्वयंपाकघरात जाऊन साक्षीला सगळं सांगितलं. पट्टे, लेप, चीर, सगळं. ती पोह्यांवर कोथिंबीर टाकत होती. हात थांबला. मग म्हणाली,

"म्हणजे तुमाला ठावं होतं?"

"हो."

"सोळा दिवस?"

"हो."

"मग तुमी मला हितं झोपू कसं दिलं, मामा?"

तिनं हात पुसले, बाहेर जाऊन जेवणाची घंटा वाजवली. नऊ पाव्हणे होते. सगळ्यांना अंगणापार, गाड्यांपाशी उभं केलं आणि त्यांना सरळ सांगितलं, "घर सुरक्षित नाही. सामान आमची माणसं आणून देतील, तुम्ही आत जायचं नाही." एक बाई म्हणाल्या, पण इतकं सुंदर आहे! साक्षी म्हणाली, "हो मॅडम, सुंदर आहे." सामान तिनं गड्यांना आणू दिलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी आणा." मी नऊ जणांच्या बॅगा आणल्या. प्रत्येक फेरीला त्या छताखालून जाताना माझे खांदे आपोआप कानापर्यंत चढत होते.

मग आम्ही वर चढलो. शिडीच्या मधल्या पायरीवर मी थांबलो. दगडोबानं खालून टाचेला हात लावला आणि म्हणाला, "चला." वर हिरवळ होती, फुलपाखरं होती. पहिलं फावडं मी मारलं. ओली, जड, काळी माती. कोपऱ्यावर भार पडू नये म्हणून आधी ईशान्येची बाजू मोकळी करायला घेतली, पाट्या भरून शिडीवरून उतरवल्या. दर पाटीला तुळई कुरकुरायची आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

साडेतीनला पुष्कर साहेब आले. साक्षीनंच त्यांना कळवलं होतं. अर्ध्या फळ्या उघड्या पडलेल्या. ते खालूनच ओरडले. "वेडा झालास तू? घर तर उभं आहे! कुठं पडलंय घर?"

खरंच कुठं पडलं होतं? मलाही तेच वाटत होतं, अक्का. धक्का येणारच नसेल तर? मी एका चांगल्या घराची माती करून राहिलो असेन तर?

दगडोबा खाली उतरला. कुणाला न विचारता त्यानं चिरीवरचा लेप पहारीनं खरवडला आणि बाहेरच्या अंगाचे तीन दगड काढले. "साहेब, हितं बघा," म्हणाला. बाहेरच्या दगडांची एक भिंत, आतल्या दगडांची एक भिंत, आणि मधे नुसती दगडाची बारीक चिपरी आणि माती. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. एवढ्या भिंतीत हातभर अंतरानं हवा होता.

साहेबांनी आत हात घालून बघितलं. मग विचारलं, "हे कुणी असं केलं? पट्टे मी नको म्हणालो. हे मी नव्हतं सांगितलं."

"मी केलं," म्हटलं.

अक्का, मागच्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. सगळं त्यांच्यावर टाकलं होतं. आरपार दगड लांब लागतात, खाणीतून निवडून आणावे लागतात. दक्षिणेची भिंत आम्ही नीट केली. मग तारीख जवळ आली आणि मी दगडोबाला म्हटलं, उरलेल्या तीन भिंती मिळेल त्या दगडात उचल. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला होता. त्यानं आणखी काही म्हणावं असं मला तेव्हा वाटलं होतं. तो नोकर माणूस. त्यानं थापी उचलली.

साहेब वरच्या उरलेल्या मातीखाली गेले नाहीत. बाहेरच बसून राहिले. संध्याकाळी रेणापूरच्या ठाण्यात त्यांनी माझ्या नावानं तक्रार दिली, मालमत्तेच्या नुकसानीची. मी आज सकाळी जाऊन जबाब दिला, आरपार दगडांचंही लिहून दिलं. हवालदार म्हणाला, "हे कशाला लिवता? हे कुणी विचारलं न्हाई तुमाला." मी म्हटलं, लिहून घ्या. उरलेलं छत उतरवायला साहेबांनी होकार दिलाय, दगडोबा तिथंच आहे.

मुखेडची बस लागली तेव्हा साक्षी स्वतःची बॅग स्वतः उचलून चढली आणि पलीकडच्या खिडकीत बसली. बस सुटेपर्यंत मी इकडच्या खिडकीखाली उभा होतो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी राहिली. त्या मासिकातले फोटो बघून नांदेडजवळ विष्णुपुरीच्या पाण्याकाठी एकानं माझ्याकडून तसंच घर बांधून घेतलं. लहान आहे, पण छत तसंच, भिंती तशाच, आणि घाईही तशीच होती. त्यात माणसं राहायला आली आहेत. नवरा-बायको, त्यांची म्हातारी आई आणि दोन मुली. धाकटी चार वर्षांची आहे. वास्तूच्या दिवशी त्या आईनं मला ओवाळलं होतं.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. इथून नांदेडची गाडी मिळते. संध्याकाळच्या आत पोचेन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, बोलल्याशिवाय मात्र परतणार नाही. लिहिता लिहिता दोनदा वाटलं की जमीन हालली. दोन्ही वेळा स्टँडवरच्या बाकड्याला कुणाचा तरी पाय लागला होता.

साक्षी पोचली, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

भीत भीत,
तुझा भाऊ
राजशेखर