उकडीची मूठ

पनवेल, मंगळवार

मोहतरमा सफूरा आपा यांना धाकट्या मुबीनाचा सलाम.

अस्सलामु अलैकुम. अल्लाहच्या मेहरबानीने इकडे सगळे खैरियतीत आहेत, एक पिस्तूल तेवढं सोडून. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दुल्हाभाईंची साखर कशी आहे, आणि ते अजून चहात दोन चमचे ढवळून वर "आज बिनसाखरेचा घेतला" असं सांगतात का? त्यांना माझा अदबीने सलाम सांग. आमचा अरीब दर जुम्म्याला तुझ्याकडे जेवतो आणि जेवता जेवता तुझं डोकंही खातो, याची मला कल्पना आहे. लेकरू परमुलखात एकटं आहे, सांभाळून घे. शेजारचा निकेश सुटी संपवून बहरीनला परत निघालाय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी सुके बोंबील आणि तांदळाच्या पिठाची पिशवी देते आहे, आणि बोंबलांवर हे पत्र. (फोनवर सांगता आलं असतं, पण घरच्या ग्रुपवर काही सांगणं म्हणजे पनवेलच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून सांगण्यासारखं आहे.) जुम्म्याचं जेवण आटोपलं की पत्र दुल्हाभाईंना मोठ्याने वाचायला दे. त्यांचा आवाज वाचनाला चांगला आहे, आणि अरीबलाही आपल्या आईचे पराक्रम कळू देत.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे दुल्हाभाई वाचता वाचता झोपले तरी हरकत नाही. अरीबने रिदाचं तिकीट काढलंय, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीचं. सून नवऱ्याकडे जायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच महिन्याच्या मधल्या आठवड्यात पुण्याला पिस्तूल नेमबाजीची राज्य स्पर्धा आहे. आमच्या घरातून एंट्री गेली आहे, आणि त्या आठवड्यात रिदा इथे नसेल तर सगळंच मुसळ केरात. तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलावं, एवढाच या गरीब बाईचा अर्ज आहे. का, ते आता सविस्तर.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता, तुला माहीत आहेच. वरच्या फळीवरचा डबा काढायलाही रिदाला हाक मारावी लागे. डॉक्टर म्हणाला, हात समोर सरळ उचला, धरून ठेवा, हळूहळू खाली आणा, रोज करा. आता रिकामा हात भिंतीकडे रोखून उभं राहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. अरीबच्या अब्बांनी दोनदा विचारलं की कुणाला बद्दुआ देतेस का. तेव्हा रिदा म्हणाली की नवीन पनवेलला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर रेंज निघाली आहे, तिथे लोक हाच व्यायाम करतात, फक्त हातात पिस्तूल असतं. (ती कॉलेजात एन.सी.सी.मध्ये नेमबाजी करायची, हे लग्न ठरवताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही भाकरी येते का, एवढंच विचारलं होतं.) मी एकटी कशी जाणार, म्हणून ती सोबत आली. पाण्याची बाटली धरायला.

तिथले शिकवणारे प्रणित सर उरणच्या कोळीवाड्यातले आहेत, अरीबपेक्षा थोडे मोठे असतील. मला काकी म्हणतात आणि माझ्यावर रागवायची वेळ आली की खिडकीतून बाहेर बघतात. बाहेर एक पाण्याची टाकी आहे, ती त्यांना आता पाठ झाली असेल. रेंजवरचं पिस्तूल दहा हातांतून फिरलेलं, म्हणून आपलं स्वतःचं एक घ्यावं असं ठरलं. सरांनी तीन समोर मांडली. पहिलं स्प्रिंगचं, ते सुटलं की कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसरं गॅसच्या नळकांडीवर चालणारं, हवा बदलली की त्याचा मूड बदलायचा (तसं एक माणूस घरात आधीपासून आहे). तिसरं दाबलेल्या हवेचं, कुणा उंचापुऱ्या पोराने वापरलेलं, त्याला नोकरी लागली म्हणून विकायला काढलेलं. मासळी बाजारात आजवर मला कुणी शिळी सुरमई विकू शकलेलं नाही, त्याच घमेंडीत मी पिस्तूल निवडायला बसले. प्रत्येक उचललं, उलटं केलं, नळीचा वास घेतला, पोटाकडे अंगठ्याने दाबून पाहिलं. सर टाकीकडे बघत म्हणाले, "काकी, याला कल्ले नसतात." शेवटी मी तिसरं घेतलं. रिदाही हळूच तेच म्हणत होती, पण खोटं कशाला बोलू, मला त्याची पेटी आवडली. आतून लाल मखमल आहे. गच्चीवरच्या बोंबलांवर कावळे बसतात, त्यांच्या बंदोबस्तासाठी आणलं असेल, असा अरीबच्या अब्बांचा समज झाला आणि मी तो महिनाभर तसाच राहू दिला.

पिस्तूल आलं, पण नेम काही आला नाही. हे पिस्तूल एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात किंवा कमरेला, आणि सव्वा तास ते उचलायचं नि खाली ठेवायचं, उचलायचं नि खाली ठेवायचं. माझ्या पिस्तुलाचं टोक समोरच्या काळ्या गोलाभोवती असं फिरे, की भाड्याची खोली शोधणारा माणूस बरा. एकदा माझा छर्रा शेजारच्याच्या कागदावर लागला आणि नऊ गुण पडले. तो गृहस्थ आपल्यालाच पडले समजून खूश झाला, मीही त्याचा आनंद मोडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? मला वाटलं, अंगण खरंच वाकडं आहे का ते एकदा पाहून घ्यावं. तिथून सुधारणा सुरू झाल्या.

पहिली सुधारणा वजनाची. सर सहज म्हणाले की टोक फार हलत असेल तर काहीजण नळीखाली थोडं वजन लावतात. "थोडं" हा शब्द आमच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणाला कळत नाही. अरीबच्या अब्बांकडे मच्छिमारांसाठी ठेवलेलं जाळ्याला लावायचं शिसं होतं, त्यांनी ते पाइपाच्या क्लिपने नळीखाली आवळून दिलं. (कावळ्यांचा गैरसमज तेव्हाच दूर झाला. वाटलं होतं चिडतील, पण पाना हातात आला की त्यांचा राग जातो.) पिस्तुलाचं टोक हलायचं थांबलं, कारण ते उचललंच जाईना. सरांनी ते हातात घेऊन तोललं, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकी, ह्ये जाल्याला लावा, समुद्रात बरा बसंल. स्पर्धेत चालनार नाय, वजनाला मर्यादा हाय."

दुसरी सुधारणा चापाची. चाप जितका हलका तितका नेम चांगला, असं मी एका व्हिडिओत पाहिलं आणि स्क्रू फिरवायला बसले. पण त्यालाही नियम आहे. पिस्तूल उभं धरतात, चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगतात आणि वर उचलतात. वजन उचललं जायला हवं, चाप सुटता कामा नये. मी दुकानातलं खिळे मोजायचं अर्ध्या किलोचं वजन आणलं, टांगलं, उचललं. चाप सुटला नाही. एवढी खुशी झाली की मी शिरकुर्मा केला. दुसऱ्या दिवशी रेंजवर सरांनी त्यांचं वजन टांगलं तर चाप खट्कन सुटला. पुन्हा पाहिलं, पुन्हा सुटला. पिस्तुलात काही दोष नव्हता, आपा, दोष आमच्या वजनात होता. सासऱ्यांच्या काळापासून झिजत झिजत ते हलकं झालं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अरीबच्या अब्बांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यांनी नवं सरकारी छापाचं वजन आणलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर खिळे जास्त देतात. लोक विचारतात, शेठ, कसली खुशी? ते म्हणतात, बायकोला विचारा.

तिसरी सुधारणा मुठीची, आणि तिथे माझी खरी फजिती झाली. या पिस्तुलाची मूठ लाकडी असते आणि धरणाऱ्याच्या हाताला बोट न् बोट बसावी लागते, म्हणजे दर वेळी हात त्याच जागी पडतो. आमची मूठ त्या उंच पोराच्या पंजाची, माझा हात तिच्यात हरवून जाई. सर म्हणाले पुट्टी लावा, वाळली की घासा. दुकानात पुट्टी आहे, पण तिचा वास मला सोसत नाही. मी म्हटलं, ज्यात माझा हात आयुष्यभर आहे तेच वापरावं. तू फोनवर गुडघ्याचं रडगाणं सांगत होतीस ना, त्याच दुपारी तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, जुनी मूठ घासून बारीक केली होती तिच्यावर थापली, आणि बोटं दाबून ठसा घेतला. भाकरीसारखा गुळगुळीत ठसा. मग तो गच्चीवर बोंबलांशेजारी वाळत ठेवला आणि वाळल्यावर उरणला गणू मेस्त्रीकडे पाठवला, तशीच मूठ लाकडात करून दे म्हणून. गणू मेस्त्री होड्या बांधतो. त्याचा पहिला प्रश्न, "याची नाळ कंची?" म्हणजे पुढची बाजू कोणती. त्याने पहिल्या खेपेला मुठीला मनगटापर्यंत वर येणारी एक खुंटी ठेवली, लाट आली तर हात सुटू नये म्हणून. नियमात मनगटाला आधार चालत नाही, ती कापावी लागली. वरून त्याने होडीला लावतात ते माशाचं तेल पाजलं. आता मी रेंजवर गेले की खालच्या दोन मांजरी जिन्यापर्यंत पोचवायला येतात.

आणि एवढं करून मूठ झाली लहान. उकड वाळून आटली होती, आणि मेस्त्रीने जशी होती तशी करून दिली. माझी करंगळी बाहेर, अंगठा अधांतरी. चिडून मी ते पिस्तूल रिदाच्या हातात दिलं, बघ म्हटलं, कुणाच्या हाताला तरी बसतं का. तिच्या हाताला अगदी स्वतःची चप्पल असल्यासारखं बसलं. तिने दहा छर्रे मारले. कागद जवळ आणून पाहिला तर मधोमध एकच मोठंसं भोक, मला वाटलं बाकीचे छर्रे कुठे पडले, म्हणून मी खाली वाकून शोधायला लागले. सर त्या दिवशी टाकीकडे बघायचं विसरले.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. लाकूड वापरून सैल होतं असं माझं मत आहे (मेस्त्रीचं नाही), म्हणून रोज संध्याकाळी रिदाला ती मूठ वापरायला लावते. पुण्यापर्यंत ती हाताला येईल. शिवाय स्पर्धेत हवा कोण भरणार, छर्रे कोण मोजणार, श्वास सोड म्हणून मला कोण सांगणार? दुखऱ्या खांद्याची बाई एकटी कुठे कुठे धावेल? अरीबला म्हणावं, एवढी तुझ्या आईची हौस होऊ दे, पंधरा दिवसांत बहरीन कुठे पळून जात नाही. तो हसेल. हसू दे, पण तिकीट बदलू दे.

दुल्हाभाईंच्या घशाला आता कोरड पडली असेल, त्यांना पाणी दे. तुझ्या गुडघ्यासाठी पाचही वेळेला दुआ करते, दोन्ही हात आता वर जातात.

तुझी नेम चुकलेली बहीण,
मुबीना

ता. क. हा कागद पत्रापासून वेगळा, पिठाच्या पिशवीत ठेवला आहे, म्हणजे तुलाच सापडेल. दुल्हाभाईंनी उभ्या जन्मात पीठ चाळलेलं नाही. आपा, स्पर्धेत मी नाही. एंट्री रिदाच्या नावाने गेली आहे, माझं नाव सरांनी विचारलंसुद्धा नाही. पण सुनेची स्पर्धा आहे म्हटलं की चार मोठी माणसं बसतील, चहा होईल, आणि पुढच्या वर्षी बघू असं ठरेल. म्हातारीचं खूळ म्हटलं की कुणी बैठक बोलावत नाही. अरीब वाईट नाही, मला नाही म्हणणार नाही. तिला मात्र समजावत बसेल, आणि ती समजून घेईल. तिची बॅग भरून झाली आहे. परवा वरचा दुपट्टा सारून पाहिलं, तर कपड्यांच्या घडीत तो भोकाचा कागद ठेवलेला. मला फार वाईट वाटलं. तुझी बी.एड.ची परीक्षा तोंडावर असताना असंच तिकीट आलं होतं. अब्बा म्हणाले होते, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. तू हसून बॅग भरलीस, आणि मी तुझी खोली मिळाली म्हणून खूश होते. परीक्षा पुढच्या वर्षी होती, आपा. दरवर्षी असते. तू नव्हतीस.

आणखी एक ता. क. गणू मेस्त्री सगळ्यांना सांगतो, "उकड कितीबी वालली तरी एवढी आटत नाय." मी आटते म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग. इतकी वर्षं भाकऱ्या थापतेय, उकड किती आटते हे मला कळत नसेल तर कुणाला? त्या दुपारी माझ्या एका हातात तुझा फोन होता, आणि दुसऱ्या हाताने मी रिदाची बोटं उकडीत दाबून धरली होती. मध्येच मी "घट्ट धर, हलवू नकोस" म्हणाले, ते तुझ्या गुडघ्याला नव्हतं. ती सारखी विचारत होती, अम्मी, पण हात तुमचा हवा ना? मी म्हटलं, गप्प उभी राहा, माझा हात रिकामा नाही. अरीबला यातलं काही सांगू नकोस. त्याला एवढंच सांग की अम्मीचं डोकं फिरलंय. ते त्याला लगेच पटेल.