रस्त्यापलीकडचा कर

आई गं,

मी धडधाकट आहे, घर गरम आहे, पोटभर जेवते आहे. तेव्हा आधी सगळं वाच आणि मगच काळजी कर. गुडघ्याला मलम चोळतेस ना? कोंबड्या अंडी देतायत का?

खोक्यांचा कारखाना बंद पडला हे तुला ठाऊकच आहे. तो रस्त्यापलीकडे, न्यूयॉर्क राज्यात. मी राहते अलीकडे, पेनसिल्व्हेनियात. बेकारभत्ता सुरू झाला तेव्हा शेजारची व्हर्ना म्हणाली, "वेडे, आपल्याकडे भत्त्यावर कर नसतो. कापू कशाला देतेस?" आमची सगळी गल्ली हेच सांगते. मी कापू दिला नाही.

आता पलीकडच्यांनी कर मागितलाय! तुझ्याकडे यायला ठेवलेलं गाडीभाडं त्यातच जाणार. मी कचेरीत फोन करून भांडले. तिथला माणूस म्हणतो, "बाई, नोकरी इथली होती, म्हणून भत्ता इथला आणि करही इथलाच."

म्हटलं, "मग माझ्या दारातला बर्फ उपसायला का येत नाहीस रे मेल्या? मला तिथे मत नाही, कर मात्र माझा?"

"नियम मी केला नाही," म्हणाला. कोणीच केलेला नसतो!

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अजिबात पुढे ढकलू नकोस. व्हर्नाचा नवरा ट्रक घेऊन तुमच्या केंटकीला येतोय. त्याला बजावलंय, "तुझ्या बायकोच्या अकलेनं माझं भाडं गेलं, आता तूच मला ने." पट्टी सुटेल तेव्हा समोर मीच असेन. चेहरा रागीट दिसला, तर तो राग तुझ्यावरचा नाही.

तुझीच,
डार्लीन