पाहुण्यांना सांगितलेला विषाणू

रहिमतपूर,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९९६

तीर्थस्वरूप नाथाजीमामांच्या पायी अंजनाचा नमस्कार.

मामींचा खोकला थांबला का? कवठे महांकाळला यंदा थंडी फार आहे म्हणतात, तेव्हा पलटणीची सवय म्हणून तुम्ही पहाटे गार पाण्यानं अंघोळ करू नये. इकडे सर्व खुशाल आहेत (मी सोडून).

परवा इस्लामपूरहून मला बघायला मंडळी आली. पुण्यातलं माझं संशोधन पुरं व्हायला अजून वर्ष हवं, हे आबा ऐकूनच घेत नाहीत. म्हणून मी ठरवलं, पाहुण्यांनाच घाबरवून परत पाठवायचं. मुलाचे वडील हंबीरराव यांनी काय शिकतेस म्हणून विचारताच मी गंभीरपणे सांगितलं की विषाणू सांभाळते. (खरं तर अख्खा विषाणू नव्हे, त्याचा एवढासा तुकडा, पण ते आधी मी मुद्दाम गाळलं.) मुलाची आई पोहे खायची थांबली. मला आशा वाटू लागली, आणि तिथंच मी वाहवत गेले. म्हटलं, प्रत्येक पेशीत जनुकं सगळी असतात, पण यकृताची कामं यकृतात, मेंदूची मेंदूत, अशी वाटणी ठरलेली असते. विषाणूचा हा तुकडा ती वाटणी मानत नाही. तो ज्या जनुकापुढे जोडावा ते यकृतात, मूत्रपिंडात, कातडीत, कुठंही कामाला लागतं. कुठं जोरात, कुठं रडतखडत. (आबांचा हुकूमही माजघरापासून गोठ्यापर्यंत असाच चालतो.) आम्ही त्यामागे निळा रंग उमटवणारं जनुक जोडतो आणि कुठल्या पेशी किती निळ्या झाल्या ते पाहतो. गर्भातल्या कोवळ्या पेशींपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. का, तेच मी शोधते आहे.

हंबीरराव मांडी सावरून पुढे सरकले. "आवं, आमच्या घरात समद्यास्नी कामाला लावणारं कुणी न्हाईच! पोरगी पसंत हाय." लगेच सुपारी फुटली. मला रडू आलं, तेही सगळ्यांना शुभच वाटलं.

मामा, मुलगा वाईट नाही. पण त्या पेशी गप्प का बसतात हे न कळता मी उठून गेले, तर मला कुठंच सुख लागणार नाही.

लग्न फाल्गुनात आहे. तुम्ही सहकुटुंब आठ दिवस आधी यावं, असा आबांचा निरोप आहे.

आपली भाची,
अंजना

ता. क. : मंगलाष्टकांना नवरीमागे मामा उभा राहिल्याशिवाय आबा लग्न लावणार नाहीत, आणि मला मामा एकच. तेव्हा कृपा करून येऊ नका. एक वर्षभर तरी.

आणखी ता. क. : पाकीट बंद करण्याआधी आईनं हे वाचलं. वाटलं, आता फाडणार. तिनं तिकीट स्वतः चिकटवलं आणि म्हणाली, "दादाला लिव, दोन वर्सं येऊ नगंस."