छपरावरची अँटेना आणि बाबांचं अर्थिंग

आदरणीय दादांना,

नमस्कार. तुमची पाठ आता ताब्यात आली असेल आणि वहिनी तुम्हाला रोज सकाळी फिरायला हाकलत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमच्या वडिलांची प्रकृती उत्तम आहे. (तुमचा त्यांचा अबोला असल्यामुळे तुम्ही हे माझ्या बायकोला फोनवर हळूच विचारता, आणि ती त्यांच्यासमोर खणखणीत आवाजात उत्तर देते.) इतकी उत्तम आहे की मीच खंगत चाललो आहे.

झालं असं, की गेल्या वादळात कोपऱ्यावरच्या झाडावर वीज पडली आणि शेजाऱ्यांचा टीव्ही गेला. वीज पडली झाडावर, पण गल्लीने बोट दाखवलं माझ्या छपरावरच्या अँटेनाकडे. तुमच्या बहिणीने निकाल दिला, की एकतर त्या खांबाचं अर्थिंग नीट करा, नाहीतर तो जगभरच्या अनोळखी लोकांशी बोलायचा हॅम रेडिओ भंगारात घाला. मी म्हटलं, अर्थिंग म्हणजे काय, एक सळई जमिनीत ठोकायची आणि तार जोडायची, सकाळभराचं काम. हे वाक्य मी तुमच्या बाबांच्या कानावर पडू द्यायला नको होतं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना हाताखाली कोणी नव्हतं. आता मी आहे.

त्यांनी माझं रेडिओचं पुस्तक चष्मा लावून वाचलं आणि वीज म्हणजे वरून येणारं पाणी आहे, असं ठरवून टाकलं. वायरमनने खांबापासून तार ओढली आणि उरलेल्या तारेची सुबक गुंडाळी करून भिंतीला बांधली. बाबा म्हणाले, "सोड ती. विजेला सरळ वाट हवी. एवढ्या वळणांत ती वैतागेल आणि घरात शिरेल." वायरमन म्हणाला, "आजोबा, मी हेच काम करत आलोय." बाबा म्हणाले, "म्हणूनच शेजाऱ्यांचा टीव्ही गेला." शेजाऱ्यांचं वायरिंगही त्यानेच केलं होतं, हे बाबांना ठाऊक नव्हतं. वायरमन पक्कड उचलून गेला तो गेलाच. (पुस्तकात बाबांसारखंच लिहिलं आहे. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही.)

मग सळई ठोकायचं माझ्यावर आलं. या भागातले सगळे नळ आपण स्वतः टाकलेत, कुठे काय आहे ते आपल्याला पाठ आहे, असं सांगून त्यांनी काठीने जागा दाखवली. मी घण घातला. जमिनीतून कारंजं उडालं. अख्ख्या गल्लीचं पाणी गेलं. शेजारचे गृहस्थ तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत फाटकाशी येऊन उभे राहिले आणि बाबा त्यांना शांतपणे म्हणाले, "ही लाइन माझ्या नंतरच्या साहेबाने टाकलेली दिसते."

दुसऱ्या जागी सळई बसली. पण एवढ्यावर भागेल तर ते बाबा कसले. घराचं जुनं अर्थिंग मोरीमागे आहे, ते आणि हे नवं एकमेकांना जोडलंच पाहिजे, नाहीतर वीज एकातून दुसऱ्यात उडी मारताना वाटेतला रेडिओ खाईल. हेही खरंच. म्हणून तांब्याची रुंद पट्टी माझ्या गुलाबांच्या वाफ्यातून सरळ गेली. वाफ्याला वळसा घालू म्हटलं, तर म्हणाले, "नळाच्या वळणाला असतो तसा एल्बो इथे चालणार नाही." आता पट्टी आहे, गुलाब नाहीत. तुमच्या बहिणीने त्या पट्टीच्या भिंतीवरच्या भागाला कपड्यांचे चिमटे लावायला सुरुवात केली आहे.

आणि आता कळस. आकाशात मूठभर ढग दिसला की बाबा माझ्या खोलीत येतात आणि अँटेनाची केबल उपटतात. परवा फार लांबच्या एका बेटावरचा माणूस मोठ्या मुश्किलीने सापडला. मी त्याला माझं नाव सांगत होतो. अर्धंच गेलं. त्या बेटावर मी आता अर्ध्या नावाने ओळखला जातो.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुमचा,
(केबल हातात धरून बसलेला) मेहुणा

ता.क. खरं काम हे, की बाबांना महिनाभर तिकडे घेऊन जा. अबोल्याचं तुम्ही बघा. न बोलताही माणूस नेता येतो.

ता.क. २ वरचं खोडत नाही, पण घाई करू नका. आज रविवार. सकाळी चांगलं भरून आलं होतं, तरी बाबांनी केबल काढली नाही. माझा हेडफोन लावून, पूर्वी तुम्ही रविवारी तुमच्या रेडिओवरून जिथे बोलायचात तिथेच काटा ठेवून बसले होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "अर्थिंग तपासतोय." तुमच्या बहिणीने सांगितलं, ते दर रविवारी तपासतात.

ता.क. ३ तेव्हा तुमचा माळ्यावरचा संच खाली काढा आणि येत्या रविवारी सकाळी लावून ठेवा. परवाना माझा असल्यामुळे मला बाबांच्या शेजारी बसावं लागेल, पण मी खिडकीबाहेर बघत बसेन. ते बटण दाबतील आणि बराच वेळ काहीच बोलणार नाहीत. तेव्हा संच बिघडला समजून बंद करू नका.